शॉक ट्रीटमेंट : भीती, वस्तुस्थिती आणि आपले कर्तव्य



स्मरणिका म्हटली की धम्म, शिक्षण, संघटन या विषयांवरचे लेख ओघानेच येतात. ते आवश्यकही आहेत. परंतु या वेळी आम्ही एका वेगळ्या विषयावर लिहीत आहोत. ज्याविषयी घरात कुजबुज होते, पण चारचौघांत कोणी बोलत नाही, असा हा विषय आहे. मानसिक आजार आणि त्यावरील 'शॉक ट्रीटमेंट', म्हणजेच विजेचा उपचार.

या लेखाला निमित्त एका प्रसंगाचे आहे. देवळाली प्रवरा परिसरातील एका वस्तीवर आपल्या समाजातील एक भगिनी बाळंत झाली. आठ-दहा दिवसांत तिची झोप पूर्ण उडाली. हे बाळ माझे नाही, कोणीतरी बदलले, असे ती म्हणू लागली. पुढे बोलणेच थांबले. तोंडात घातलेला घास तसाच राही, डोळे एकाच ठिकाणी लागलेले. घरातील वडीलधारी मंडळी म्हणाली, "बाहेरचं आहे, देवऋषीला दाखवा." चार दिवस त्यात गेले. अखेर नवऱ्याने तिला मोठ्या दवाखान्यात दाखल केले. तेथील डॉक्टरांनी ईसीटी करावी लागेल असे सांगून संमतीचा कागद पुढे ठेवला. त्या रात्री त्याचा आमच्यापैकी एकाला फोन आला, "नाना, शॉक द्यायचा म्हणतात. सही करू का तिला घरी घेऊन येऊ?"

आम्ही चौघे कार्यकर्ते त्या वेळी विहारात बसलो होतो. अंधश्रद्धेवर आम्ही अनेक वेळा भाषणे केली आहेत. पण त्या प्रश्नाचे उत्तर चौघांपैकी एकाकडेही नव्हते. देवऋषीकडे जाऊ नका, एवढे आम्ही सांगत आलो. दवाखान्यात गेल्यावर काय, हे आम्ही कधी शिकलोच नव्हतो. दुसऱ्या दिवशी आमच्यापैकी दोघे दवाखान्यात गेले, डॉक्टरांना भेटले, प्रश्न विचारले. त्यानंतर आम्ही जे वाचले आणि समजून घेतले, ते सर्वांपुढे ठेवावे म्हणून हा लेख.

भीती कोठून आली?

आपल्याकडे कोणी विक्षिप्त वागले की "याला येरवड्याला पाठवा" असे चेष्टेने म्हणतात. मुंबईकडे "ठाण्याला पाठवा" म्हणतात. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी ही महाराष्ट्रातील चार जुनी शासकीय मनोरुग्णालये आहेत. त्यांच्या उंच भिंती लोकांनी बाहेरून पाहिल्या आणि आत काय चालते याची चित्रे मनाने रंगविली. त्यात हिंदी चित्रपटांनी भर घातली. शहाण्या नायिकेला खलनायक वेड्यांच्या इस्पितळात डांबतो, चौघे तिला धरून ठेवतात आणि डोक्याला तारा लावून शॉक देतात. शॉक म्हणजे शिक्षा, हे समीकरण तेथून मनात बसले.

या भीतीत सत्याचा अंश मुळीच नाही असे नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पूर्वी हा उपचार भूल न देता होत असे. रुग्ण शुद्धीत असताना त्याला धरून ठेवावे लागे. सर्व शरीराला जोराचे आचके बसत. त्यात पाठीच्या मणक्याला इजा होणे, दात पडणे, जबडा निखळणे असे प्रकार घडत. यालाच आपल्याकडे 'डायरेक्ट शॉक' म्हणत. भूलतज्ज्ञ उपलब्ध नाही, खर्च परवडत नाही, या कारणांनी आपल्या देशात ही पद्धत इतर देशांच्या तुलनेत बरीच अधिक काळ चालू राहिली. ज्यांनी ते डोळ्यांनी पाहिले, त्यांची भीती खोटी कशी म्हणावी?

या उपचाराचा जन्म

१९३० च्या दशकापर्यंत गंभीर मानसिक आजारांवर जवळजवळ औषधच नव्हते. रुग्णाला कोंडून ठेवणे, बांधून ठेवणे एवढेच चाले. हंगेरी देशातील लाडिस्लास मेडुना या डॉक्टरांनी १९३४ साली कापूरयुक्त इंजेक्शन देऊन रुग्णाला मुद्दाम फेफरे आणण्याचा प्रयोग केला. फेफरे आणि स्किझोफ्रेनिया हे आजार एकमेकांच्या विरोधी असावेत, अशी त्यांची समजूत होती. ती समजूत पुढे चुकीची ठरली, परंतु काही रुग्ण खरोखर बरे झाले. त्यानंतर १९३८ च्या एप्रिलमध्ये इटलीची राजधानी रोम येथे उगो चेर्लेत्ती आणि लुचिओ बिनी यांनी इंजेक्शनऐवजी विजेचा उपयोग केला. रोमच्या रेल्वे स्टेशनवर असंबद्ध बडबडत फिरताना सापडलेला एक मनुष्य हा त्यांचा पहिला रुग्ण होता.

पुढील काही वर्षांत ही पद्धत जगभर पसरली. यंत्र लहान, खर्च कमी आणि दुसरे औषध नाही, अशी ती परिस्थिती होती. त्यामुळे ज्यांना गरज होती त्यांना ती मिळाली, आणि ज्यांना गरज नव्हती अशांनाही सरसकट दिली गेली. १९५० च्या दशकात दोन बदल झाले. मानसिक आजारांवरील गोळ्या निघाल्या, त्यामुळे शॉकची गरज कमी झाली. आणि भूल देऊन, स्नायू सैल करणारे इंजेक्शन देऊन उपचार करण्याची सुधारित पद्धत रूढ होऊ लागली. आज आपण ज्याला ईसीटी म्हणतो ती ही सुधारित पद्धत होय. पूर्ण नाव इलेक्ट्रोकन्व्हल्सिव्ह थेरपी.

प्रत्यक्षात काय करतात?

प्रथम रुग्णाची तपासणी होते. रक्त, हृदयाचा आलेख, रक्तदाब, दातांची स्थिती पाहतात. उपचारापूर्वी सहा ते आठ तास पोटात काही नसावे लागते, कारण भूल द्यावयाची असते. सकाळी रुग्णाला उपचाराच्या खोलीत नेतात. शिरेतून भुलीचे औषध देतात. मिनिटभरात झोप लागते. मग स्नायू सैल करणारे इंजेक्शन देतात. प्राणवायू चालू असतो. जीभ व दात सुरक्षित राहावेत म्हणून तोंडात रबराचा तुकडा ठेवतात.

त्यानंतर डोक्याला दोन पट्ट्या लावून काही सेकंद वीज देतात. ही वीज सुमारे ०.८ अँपियरची असते आणि सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढ्या बारीक बारीक ठोक्यांच्या रूपात दिली जाते. तिची मात्रा यंत्रावर ठरविलेली असते. घरातील बोर्डाचा शॉक आणि हा उपचार यांची तुलना होऊ शकत नाही. विजेमुळे मेंदूत फेफरे येते आणि साधारणपणे अर्धा ते एक मिनिट टिकते. स्नायू सैल असल्याने बाहेरून पाहणाऱ्याला पायाची बोटे किंवा पापण्या थोड्या हलताना दिसतात, इतकेच. दहा-पंधरा मिनिटांत रुग्ण जागा होऊ लागतो. त्याला वेदना जाणवत नाही, कारण तो झोपेत असतो.

असे उपचार आठवड्यातून दोन ते तीन वेळा, एकूण सहा ते बारा वेळा करतात.

येथे विद्यार्थ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. उपचार घडतो तो मेंदूत आलेल्या नियंत्रित फेफऱ्यामुळे. वीज हे केवळ ते आणण्याचे साधन आहे. त्यामुळे मेंदूतील रसायनांचे प्रमाण बदलते, पेशींच्या वाढीस पोषक द्रव्ये वाढतात, एवढे संशोधनात दिसले आहे. परंतु नेमक्या कोणत्या क्रियेने रुग्ण सुधारतो, याचे पूर्ण उत्तर विज्ञानाला अजून मिळालेले नाही. जे कळले ते सांगावे, जे कळले नाही तेही सांगावे, हीच विज्ञानाची रीत. देवऋषी मात्र "मला कळत नाही" असे कधीच म्हणत नाही.

कोणाला उपयोग होतो?

प्रत्येक मानसिक आजाराला शॉक नाही. किंबहुना बहुसंख्य रुग्णांना गोळ्या, समुपदेशन आणि घरच्यांचा आधार पुरेसा असतो. ईसीटीचा विचार पुढील परिस्थितीत होतो : तीव्र नैराश्य, विशेषतः जेव्हा रुग्ण अन्नपाणी सोडतो किंवा जीव देण्याचा सतत विचार करतो, शरीर ताठ होऊन बोलणे-हालणे बंद पडते ती अवस्था, जिला डॉक्टर कॅटाटोनिया म्हणतात, बाळंतपणानंतरचा तीव्र मनोविकार, औषधांनी न आवरणारा उन्माद, आणि काही वेळा औषधांना दाद न देणारा स्किझोफ्रेनिया.

नैराश्यावरील गोळ्यांचा परिणाम दिसण्यास दोन ते सहा आठवडे लागतात. जो मनुष्य पाणीही पीत नाही, त्याच्याजवळ तेवढा वेळ नसतो. ईसीटीचा गुण पुष्कळदा आठवडा-दोन आठवड्यांत दिसतो. तीव्र नैराश्यात निम्म्याहून अधिक रुग्णांना तिचा चांगला उपयोग होतो. म्हणूनच गोळ्यांच्या युगातही ती टिकून आहे.

तोटे कोणते?

उपचारानंतर डोके दुखणे, मळमळणे, अंग ठणकणे, काही वेळ गोंधळल्यासारखे होणे हे नेहमीचे आहे. मृत्यूचा धोका फार कमी, म्हणजे एक लाख वेळा उपचार केल्यास सुमारे दोन इतका असतो आणि तो मुख्यतः हृदयविकार व भुलीशी संबंधित असतो.

खरा प्रश्न स्मरणशक्तीचा आहे. उपचाराच्या काळातील आणि त्याआधीच्या काही आठवड्यांतील किंवा महिन्यांतील गोष्टी रुग्ण विसरतो. नवीन गोष्टी लक्षात ठेवण्याची शक्ती बहुधा काही आठवड्यांत परत येते. जुन्या आठवणींपैकी काही मात्र कायमच्या जाऊ शकतात. डोक्याच्या एकाच, उजव्या बाजूस पट्ट्या लावल्या तर हा त्रास कमी होतो. "काहीच होत नाही" असे सांगणारा डॉक्टर पूर्ण सत्य सांगत नाही, असे समजावे.

दुसरी गोष्ट अशी की, ईसीटीने आजार आटोक्यात येतो, पण त्याचे मूळ जात नाही. अमेरिकेतील २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ईसीटीने बऱ्या झालेल्या नैराश्याच्या रुग्णांपैकी ज्यांना पुढे खरे औषध दिले नाही, त्यांच्यातील ८४ टक्के लोक सहा महिन्यांत पुन्हा आजारी पडले. ज्यांना दोन औषधे चालू ठेवली, त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्के होते. तेव्हा घरी आल्यावर गोळ्या बंद करणे म्हणजे केलेले सर्व पाण्यात घालणे होय.

या उपचाराला विरोध करणारेही आहेत आणि त्यांचे म्हणणे ऐकले पाहिजे. पुण्यातील बापू ट्रस्टच्या संस्थापक भार्गवी दवर यांनी २०२४ मधील मृत्यूपर्यंत मानसिक आजारी व्यक्तींच्या हक्कांसाठी काम केले आणि ईसीटीला सातत्याने विरोध केला. आपल्या आईची मनोरुग्णालयांतील अवस्था त्यांनी लहानपणी पाहिली होती. संमतीशिवाय मनुष्याच्या मेंदूवर उपचार करण्याचा कोणाला अधिकार आहे, हा त्यांचा प्रश्न कोणालाही टाळता येणार नाही. आमचे मत असे झाले की, योग्य रुग्णाला, योग्य रीतीने दिलेली ईसीटी जीव वाचविते. परंतु 'योग्य रीतीने' हे शब्द विरोधकांच्या लढ्यामुळेच कायद्यात आले, हेही विसरता कामा नये.

कायदा काय सांगतो?

इंग्रजांच्या १९१२ च्या कायद्यात मानसिक रुग्णाला 'ल्युनॅटिक' म्हणत. त्याच्या जागी १९८७ चा कायदा आला, तो १९९३ मध्ये अमलात आला. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे साखळीने बांधलेले २८ मनोरुग्ण आगीत जळून मेले. उठून पळता आले नाही म्हणून ते मेले. त्यानंतर हा विषय देशाच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. पुढे संसदेने मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ संमत केला आणि तो २०१८ पासून लागू झाला. त्यातील महत्त्वाच्या तरतुदी अशा :

१. भूल व स्नायू सैल करणारे औषध न देता ईसीटी करण्यास ९५ व्या कलमान्वये मनाई आहे. म्हणजे 'डायरेक्ट शॉक' आता बेकायदेशीर आहे.

२. अठरा वर्षांखालील मुलांना ईसीटी देता येत नाही. अगदीच आवश्यक वाटल्यास पालकांची संमती आणि मानसिक आरोग्य मंडळाची पूर्वपरवानगी लागते.

३. तातडीचा उपचार म्हणून, संमतीची प्रक्रिया टाळून ईसीटी देता येत नाही.

४. रुग्णाला साखळीने बांधणे हा कोणत्याही ठिकाणी गुन्हा आहे.

५. आपल्या वतीने कोणी निर्णयास साहाय्य करावे, तो 'नामनिर्देशित प्रतिनिधी' नेमण्याचा आणि आपल्याला कोणता उपचार हवा वा नको हे आधी लिहून ठेवण्याचा प्रत्येक प्रौढ व्यक्तीला हक्क आहे.

६. दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला शासकीय सेवेत मोफत उपचाराचा हक्क आहे.

याच्या जोडीला महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी त्यासाठी वर्षानुवर्षे झगडा केला आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी त्यांची हत्या झाली. भूत उतरविण्याच्या नावाखाली माणसाला बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे, चटके देणे हे या कायद्याने गुन्हे आहेत.

सही करण्यापूर्वी काय विचारावे?

आपला समाज अजूनही डॉक्टरांपुढे बोलण्यास बिचकतो. "साहेब, तुम्हाला योग्य वाटेल ते करा" म्हणतो आणि अंगठा उमटवितो. आपल्याला शिकण्याचा आणि संघर्षाचा मंत्र मिळाला तो अंगठा पुसण्यासाठीच. म्हणून पुढील प्रश्न नम्रपणे, पण अवश्य विचारावेत :

१. आजाराचे नाव काय? ईसीटीच का, आणि ती न केल्यास काय होईल?

२. गोळ्या देऊन पाहिल्या का? किती दिवस?

३. भूल कोण देणार? भूलतज्ज्ञ हजर असणार ना?

४. किती वेळा करणार? पट्ट्या एका बाजूस की दोन्ही बाजूंस?

५. विसर किती पडेल? तो कमी व्हावा म्हणून काय करता येईल?

६. मध्येच थांबवायचे ठरविले तर थांबविता येईल का? (संमती केव्हाही परत घेता येते, हे लक्षात असू द्यावे.)

७. घरी गेल्यावर कोणत्या गोळ्या, किती काळ?

आणि सर्वांत आधी, रुग्णाला स्वतःला समजेल अशा शब्दांत हे सांगितले आहे काय? ती बोलत नसली तरी तिला ऐकू येत असते.

मदत कोठे मिळेल? नगरचे जिल्हा रुग्णालय, लोणीचे प्रवरा रुग्णालय ही आपल्याला जवळची मोठी रुग्णालये आहेत. शासनाने ऑक्टोबर २०२२ पासून टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा सुरू केली आहे. १४४१६ हा तिचा क्रमांक असून फोन मोफत आहे. विहाराच्या फलकावर हा क्रमांक रंगवून ठेवावा, अशी आमची सूचना आहे.

भगवान बुद्धाचा मार्ग

आपल्या धम्मात याविषयी काही आहे काय, असा प्रश्न एका विद्यार्थ्याने आम्हाला विचारला. आहे, आणि पुष्कळ आहे.

पटाचारेची कथा सर्वांना ठाऊक आहे. पती, दोन लेकरे, आईवडील, भाऊ एकाच फेऱ्यात गेले. ती भान हरपून विवस्त्र हिंडू लागली. लोक तिला वेडी म्हणून हाकलीत, तिच्या अंगावर माती फेकीत. जेतवनात ती आली तेव्हाही लोक तिला अडवू लागले. भगवंतांनी मात्र तिला जवळ येऊ दिले आणि बहीण म्हणून हाक मारली. कोणी एकाने आपले वस्त्र तिच्याकडे टाकले. आधी वस्त्र, मग उपदेश, हा क्रम लक्षात घ्यावा. तीच पटाचारा पुढे विनय जाणणाऱ्या भिक्षुणींमध्ये अग्रगण्य ठरली.

जीवक वैद्याची कथा आहे. राजगृहातील एका श्रेष्ठीचे मस्तक उघडून त्याने शस्त्रक्रिया केली. परंतु त्यापूर्वी त्याने रुग्णाला विचारले, इतके इतके महिने एका कुशीवर पडून राहावे लागेल, तुला जमेल का? आज ज्याला आपण संमती म्हणतो, ती अडीच हजार वर्षांपूर्वीच्या त्या कथेत आहे.

आणि तिसरी कथा आहे गग्ग नावाच्या भिक्षूची. त्याला वेड लागले होते. त्या अवस्थेत त्याच्या हातून नाही नाही ते घडले. पुढे तो बरा झाला, तरी काही भिक्षू त्याला जुन्या गोष्टींवरून टोचू लागले. तेव्हा भगवंतांनी नियम घालून दिला की, वेडाच्या भरात घडलेल्या गोष्टींबद्दल बरे झालेल्या माणसावर दोष ठेवू नये. विनयात यालाच 'अमूढविनय' म्हणतात.

आपले कर्तव्य

आता पुन्हा त्या भगिनीकडे वळू. दवाखान्यात सर्व प्रश्न विचारून झाल्यावर नवऱ्याने सही केली. सही करण्यापूर्वी तो तिच्या उशाशी बसला आणि काय होणार आहे ते त्याने तिला सावकाश सांगितले. तिसऱ्या उपचारानंतर तिने पाणी मागितले. पाचव्यानंतर "बाळ कुठंय?" असे विचारले. एकूण सात उपचार झाले. आज ती गोळ्या घेते, घर सांभाळते, लेकराचे सर्व करते.

परंतु लेकराचे पहिले काही आठवडे तिला आठवत नाहीत. दवाखान्यात जाण्यापूर्वी घरात नाव ठेवण्याचा कार्यक्रम झाला होता, तोही तिला आठवत नाही. तिने आम्हाला एकदा विचारले, "नाना, मी तेव्हा लेकराला मांडीवर घेतलं होतं का?" आम्ही खरे ते सांगितले की, नाही घेतले, तुझ्या सासूने घेतले होते. ती थोडा वेळ गप्प राहिली. हा तोटा लहान नाही. पण तो सोसण्यास ती जिवंत आहे.

त्याहून मोठा तोटा आपण करीत आहोत. वस्तीत तिची ओळख आता 'शॉक दिलेली' अशी झाली आहे. हळदी-कुंकू आपण सोडले, पण ही विटाळाची भावना सोडली नाही. तिच्या हाताला बाळ द्यावे की नाही, यावर बायका एकमेकींकडे पाहतात. ज्या समाजाने शतकानुशतके विटाळ सोसला, त्याने तो आपल्याच लेकीवर लादावा, याचे आम्हाला अतिशय वाईट वाटते. दवाखान्याने त्याचे काम केले. अमूढविनय पाळणे हे आपले काम आहे.

म्हणून आमची समाजाला विनंती आहे. आजार दिसला की चार दिवस देवऋषीकडे घालवू नका. दवाखान्यात रुग्णाच्या घरच्यांना एकटे सोडू नका, त्यांच्याबरोबर प्रश्न विचारणारे एक शिकलेले माणूस जाऊ द्या. आणि रुग्ण बरा होऊन आला की त्याला पूर्वीच्याच नावाने हाक मारा. आम्ही येत्या वर्षावासात विहारात एका मानसोपचारतज्ज्ञांना बोलावून या विषयावर प्रश्नोत्तरांचा कार्यक्रम ठेवणार आहोत. त्या वेळी त्या भगिनीने पहिल्या रांगेत, आपले लेकरू मांडीवर घेऊन बसावे, अशी आमची इच्छा आहे. तिच्या शेजारी कोण बसते, यावर आपला धम्म किती मुरला हे कळेल.

नमो बुद्धाय! जय भीम!